जुना सबवूफर दुरुस्त करावा की बदलावा?

सबवूफर, म्हणजे फक्त खर्ज वाजवणारा वेगळा स्पीकर, बिघडला असे आपण म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा एकाच खोक्यात राहणाऱ्या तीन वस्तूंपैकी एक बिघडलेली असते. पुढे दिसणारा, आवाज काढणारा मोठा गोल वूफर ही पहिली, खोक्याच्या पाठीवर पत्र्याच्या पाटीसह बसवलेला अ‍ॅम्प्लिफायर ही दुसरी आणि खुद्द लाकडी खोके ही तिसरी. या तिघांचे आयुष्य सारखे नसते. कोरड्या जागेतील जाड एमडीएफचे (लाकडी तंतूंच्या दाबीव फळीचे) खोके आणि रबरी कडेचा वूफर पंचवीस वर्षांनंतरही ठणठणीत असू शकतात. अ‍ॅम्प्लिफायरचे कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) मात्र त्याच्या निम्म्या काळातच कोरडे पडू लागतात. म्हणून आधी कोणती वस्तू गेली हे शोधावे, मग उरलेल्या दोन वाचवण्याच्या योग्यतेच्या आहेत का हे पाहावे आणि शेवटी पैशांचा हिशेब करावा, हा क्रम मला सर्वांत खात्रीचा वाटतो. क्रम उलटा झाला आणि दुकानात जाऊन नव्याची किंमत आधी विचारली, की घरातली वस्तू भंगार वाटू लागते.

माझा स्वतःचा दहा इंची, बंद खोक्याचा सबवूफर २००७ सालचा आहे. ठाण्याच्या दमट हवेत नवव्या वर्षी त्याच्या वूफरची फोमची कड झडली आणि पुढे पाच वर्षांनी अ‍ॅम्प्लिफायर घुमू लागला. दोन्ही वेळा ओळखीच्यांनी नवा घेण्याचा सल्ला दिला. दोन्ही वेळा तो दुरुस्त झाला आणि आजही दिवाणखान्यात वाजतो. याच काळात दुसऱ्या खोलीतील एका स्वस्त संचाचा सबवूफर मात्र मी तपासणीनंतर मोडीत काढला, आणि तोही निर्णय बरोबरच होता.

बिघाड खरोखर सबवूफरचाच आहे का

बंद पडलेला समजून दुकानात नेलेला सबवूफर तेथे पहिल्याच फटक्यात वाजतो, असा अनुभव पुष्कळांना येतो. त्यामुळे स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्यापूर्वी रिसीव्हर (सर्व स्पीकरना आवाज वाटून देणारे मुख्य यंत्र) आणि तारा बाजूला ठेवून सबवूफरची एकट्याची परीक्षा घ्यावी. मोबाइलच्या हेडफोन जॅकमधून किंवा तशा जोडणीतून आरसीए केबल थेट सबवूफरच्या इनपुटला लावावी, क्रॉसओव्हरचे, म्हणजे सबवूफरने किती हर्ट्झपर्यंत वाजावे हे ठरवणारे, बटण सर्वांत वरच्या आकड्यावर न्यावे, आवाज अगदी कमी ठेवावा आणि ४० ते ६० हर्ट्झचा सलग स्वर वाजवावा. आवाज व्यवस्थित आला, तर दोष केबलमध्ये किंवा रिसीव्हरच्या सेटिंगमध्ये आहे. रिसीव्हरमध्ये पुढचे स्पीकर ‘लार्ज’ म्हणून नोंदले गेले असतील, तर संगीतातील खर्ज त्यांच्याकडेच जातो आणि सबवूफर गप्प बसतो. वीज गेल्यानंतर किंवा कोणी मेनूत हात घातल्यानंतर असे सहज घडते. ते ‘स्मॉल’ करून क्रॉसओव्हर ८० हर्ट्झवर ठेवला, की तक्रार तिथेच मिटू शकते.

रात्री हळू आवाजात ऐकताना सबवूफर मध्येच बंद होतो, ही तक्रारही बहुधा बिघाडाची नसते. संकेत ठरावीक पातळीच्या खाली गेला की ‘ऑटो’वर ठेवलेला अ‍ॅम्प्लिफायर झोपतो. बटण ‘ऑन’वर नेऊन दोन दिवस पाहावे.

‘पूर्वीसारखा दणका राहिला नाही’ ही तक्रार याहून फसवी आहे. खर्जाचा अनुभव खोलीच्या मापावर फार अवलंबून असतो. साधारण १४ फूट लांबीच्या खोलीत समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ४० हर्ट्झच्या आसपासचा स्वर अडकून घुमतो, आणि नेमका त्याच स्वराचा खोलीच्या मध्यभागी जवळजवळ लोप होतो. सोफा दोन फूट सरकला, कपाट हलले किंवा सबवूफर कोपऱ्यातून बाहेर आला, तरी एवढ्यावरून तो म्हातारा झाल्यासारखा वाटू शकतो. अशा वेळी सबवूफर तात्पुरता बसण्याच्या जागी ठेवून खोलीत ठिकठिकाणी गुडघ्यांवर बसून ऐकावे, जिथे खर्ज सर्वांत एकसारखा आणि भरदार वाटेल तिथे त्याला कायमचे ठेवावे आणि मग फेजचे (सबवूफरचा स्वर बाकीच्या स्पीकरशी जुळवणारे) बटण दोन्ही बाजूंना फिरवून पाहावे.

घुमण्याच्या आवाजाचे निदान एका साध्या कृतीने होते. इनपुटची केबल काढावी. घुमणे थांबले, तर दोष बाहेरचा आहे; बहुधा सेट-टॉप बॉक्समध्ये येणाऱ्या केबलच्या तारेमुळे अर्थिंगचे वर्तुळ तयार झालेले असते. ती तार काढून खात्री करावी आणि सर्व उपकरणे एकाच बोर्डवर जोडावीत. घुमणे टाळण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकणे किंवा तोडणे हा उपाय कोणीही सुचवला तरी कधीही करू नये. धातूच्या पाटीत वीज उतरली तर माणसाचा जीव त्या पिनेवरच अवलंबून असतो. केबल काढल्यावरही घुमणे तसेच राहिले, तर दोष अ‍ॅम्प्लिफायरच्या आतच आहे असे समजावे.

वूफरची तपासणी

प्लग काढून, जाळी उतरवून वूफरकडे उजेडात पाहावे. कोनाच्या, म्हणजे पुढेमागे हलणाऱ्या पडद्याच्या, भोवतीची लवचीक कड फोमची असेल, तर तिच्यावर बोट हलकेच टेकवावे. ती चिकट लागली, तिचा भुगा झाला किंवा तिला चिरा दिसल्या, तर तिचे दिवस भरले आहेत. पॉलियुरेथेन फोम हवेतील ओलाव्यामुळे हळूहळू विघटित होतो, म्हणून कोकणपट्टीत आणि मुंबई परिसरात हा आजार कोरड्या प्रदेशापेक्षा लवकर दिसतो. रबराची कड यातून बहुतांशी सुटते, पण ती कोनापासून किंवा सांगाड्यापासून सुटली आहे का, हे पाहावे. उंदराने कुरतडलेली कड आणि तारा हीदेखील आपल्याकडची नेहमीची कथा आहे. मागे किंवा पुढे हवेचे भोक असलेल्या खोक्यात पाली आणि झुरळेही शिरतात.

यानंतर दोन्ही हातांची बोटे कोनावर समोरासमोर, मध्यापासून सारख्या अंतरावर टेकवून तो अगदी हळू, सरळ आत ढकलावा आणि सोडावा. हालचाल मऊ आणि निःशब्द असावी. खरखर जाणवली, तर कॉइल, म्हणजे कोनामागचे तारेचे वेटोळे, चुंबकाच्या फटीत घासते आहे. ती वाकडी झाली आहे, जळून फुगली आहे किंवा तिला मध्यावर धरणारा स्पायडर सुटला आहे. जळका वास आला तर शंकेला जागाच उरत नाही.

मग वूफरचे स्क्रू काढून त्याच्या तारा सोडवाव्यात आणि मल्टिमीटरने कॉइलचा रोध मोजावा. ४ ओहमच्या वूफरला मीटरवर साधारण ३ ते ३.५ आणि ८ ओहमच्या वूफरला ५.५ ते ७ ओहम दिसतात, कारण वूफरवर लिहिलेला आकडा प्रतिबाधेचा (बदलत्या विजेला होणाऱ्या एकूण विरोधाचा) असतो आणि मीटर फक्त तारेचा रोध मोजतो. मीटरने काहीच दाखवले नाही तर कॉइल तुटली आहे. शून्याच्या जवळचा आकडा आला तर ती आतल्या आत चिकटली आहे. मीटर नसेल तर भिंतीवरच्या घड्याळातला १.५ व्होल्टचा सेल टोकांना क्षणभर टेकवावा. धडधाकट वूफर बारीकसा ‘ठप’ आवाज करून कोन हलवतो. सेल टेकवूनच ठेवू नये.

फक्त कड गेली असेल, तर वूफर निश्चित वाचवावा, असे मी ठामपणे सांगेन. हे काम स्वस्त आहे आणि धीर असलेल्या माणसाला घरीही जमते. कड मागवताना ‘दहा इंची’ एवढेच सांगून चालत नाही. कोनाचा बाहेरचा व्यास, सांगाड्यावरील चिकटवण्याच्या जागेचा आतला व बाहेरचा व्यास आणि वळीची रुंदी ही मापे मिलिमीटरमध्ये घ्यावीत. जुना गोंद खरवडून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा, नवी कड आधी कोनाला चिकटवावी, ती पूर्ण वाळल्यावर सांगाड्याला चिकटवावी, आणि या दुसऱ्या टप्प्यात ३० हर्ट्झचा स्वर अगदी बारीक आवाजात वाजवून किंवा कोन हाताने हळूच हलवून कॉइल कुठेही घासत नाही याची खात्री करत कड दाबत जावी. त्यानंतर किमान २४ तास वूफर वाजवू नये. कडेचा कडकपणाही महत्त्वाचा आहे. तेवढाच आवाज ४० ऐवजी २० हर्ट्झवर काढायचा असेल, तर कोनाला चौपट अंतर पुढेमागे जावे लागते. साध्या स्पीकरसाठी बनवलेली कडक किंवा अरुंद वळीची कड त्या हालचालीला अडवते आणि मग दुरुस्त झालेला सबवूफर वाजतो खरा, पण खाली उतरत नाही.

कॉइल गेली असेल तर विचार बदलतो. कॉइल, कोन आणि स्पायडर बदलून देणारे कसबी कारागीर लहान शहरांतही आहेत, कारण लाउडस्पीकरच्या व्यवसायाला त्यांची रोज गरज पडते. परंतु त्यांच्याकडील सुटे भाग मंडपातील मोठ्या आवाजाच्या स्पीकरचे असतात आणि घरगुती सबवूफरचा जड कोन व लांब कॉइल त्यात क्वचितच सापडते. दुसरा वूफर आणून बसवायचा तर केवळ भोकाचे माप जुळणे पुरेसे नाही. ऑस्ट्रेलियाचे नेव्हिल थील यांनी १९६१ साली आणि त्यांच्यानंतर रिचर्ड स्मॉल यांनी सत्तरच्या दशकात दाखवून दिले, की वूफरचे काही मोजके आकडे आणि खोक्याचे घनफळ यांचा मेळ बसला तरच अपेक्षित खर्ज मिळतो. बंद खोके थोडीफार तफावत सहन करते. हवेचे भोक असलेले खोके सहन करत नाही. मूळ उत्पादकाचाच वूफर मिळत असेल तर उत्तम, अन्यथा मोटारीसाठीचा वूफर घरच्या खोक्यात कोंबण्याचा मोह टाळावा.

अ‍ॅम्प्लिफायरची तपासणी

इथे आधी सावधगिरी. २३० व्होल्टची वीज एकदिश केल्यावर सुमारे ३२५ व्होल्ट होते आणि आजकालच्या पॉवर सप्लायमधील मोठ्या कपॅसिटरमध्ये ती प्लग काढल्यानंतरही काही काळ साठून राहते. ज्यांना हे कपॅसिटर योग्य रोध लावून रिकामे करता येत नाहीत, त्यांनी पाटी उघडून आत केवळ डोळ्यांनी पाहावे, हात लावू नये.

पाहण्यासारखे पुष्कळ असते. कपॅसिटरची टोपी फुगली आहे का, तळाशी चिकट द्राव सुटला आहे का, रोध काळे पडले आहेत का, हे दिसते. सुटे भाग बोर्डला धरून ठेवण्यासाठी लावलेला पिवळसर गोंद उष्णतेने तपकिरी झाला असेल, तर तो वीज वाहू लागतो आणि शेजारच्या तारा कुरतडतो; ‘अचानक बंद पडला’ म्हणून आलेल्या कित्येक सबवूफरचा दोष एवढाच असतो. शिवाय हा बोर्ड सतत थरथरणाऱ्या खोक्यात राहतो, त्यामुळे जड भागांचे पाय सुटून ड्राय सोल्डर होतो. हलकेच ठोकल्यावर सुरू होणारा किंवा गरम झाल्यावरच बंद पडणारा सबवूफर बहुधा त्यातला असतो. कपॅसिटर बदलायचे असतील तर ८५ ऐवजी १०५ अंश लिहिलेले घ्यावेत. अंगची उष्णता दर १० अंशांनी घटली की त्यांचे आयुष्य ढोबळमानाने दुप्पट होते. चालू शतकाच्या सुरुवातीच्या काही वर्षांत सदोष द्रावाचे कपॅसिटर जगभरच्या उपकरणांत गेले होते, त्यामुळे त्या काळातील सबवूफरमध्ये एक फुगलेला आढळला तरी सगळेच बदलून घेणे शहाणपणाचे. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्यात तपकीर गल्लीत हे भाग किरकोळीत मिळतात.

फ्यूज उडालेला दिसला तर त्याच आकड्याचा एकच नवा फ्यूज लावून पाहावा. तोही लगेच उडाला, तर थांबावे. जाड तार गुंडाळून पुढे ढकललेला सबवूफर पुढच्या वेळी धूर काढतो, आणि एका सुट्या भागाचा बिघाड संपूर्ण बोर्डाचा होतो.

सर्वांत खर्चिक बिघाड म्हणजे आउटपुटच्या ट्रान्झिस्टरचा. तो गेला की एकदिश वीज थेट कॉइलमध्ये जाऊन वूफरही जळतो, म्हणजे एका घावात दोन वस्तू जातात. म्हणून दुरुस्त झालेला अ‍ॅम्प्लिफायर वूफरला जोडण्यापूर्वी त्याच्या दोन टोकांमध्ये एकदिश व्होल्टेज मोजून घेण्याचा आग्रह धरावा. ते काही दशांश व्होल्टपेक्षाही कमी, शक्यतो मिलिव्होल्टमध्येच असावे. अनुभवी कारागीर ट्रान्सफॉर्मरवर चालणारा बोर्ड पहिल्यांदा सिरीज बल्बमधून, म्हणजे विजेच्या वाटेत एक बल्ब जोडून, सुरू करतात. बल्ब प्रखर पेटून तसाच राहिला, तर आत शॉर्ट आहे हे काहीही न जळता कळते.

परदेशातून, विशेषतः अमेरिकेतून सामानासह आणलेल्या सबवूफरविषयी दोन शब्द आवश्यक आहेत. तो १२० व्होल्टचा असतो, आणि मागे व्होल्टेज निवडण्याचा खटका नसेल तर थेट आपल्या सॉकेटला लावताच त्याचा पॉवर सप्लाय उडतो. असा उडालेला बोर्ड पुष्कळदा फ्यूज आणि इनपुटचे दोन-तीन भाग बदलून जिवंत होतो. तो पुढे स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरवरच चालवावा, आणि आत लोखंडी गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर असेल तर ६० हर्ट्झसाठी बनवलेला तो गाभा आपल्या ५० हर्ट्झवर जास्त तापतो हे ध्यानात ठेवून मागे हवा खेळती राहील अशी जागा द्यावी.

खोके

खोक्याचा निर्णय लवकर होतो. तळ ओलाव्याने फुगून कोपरे उघडले असतील, स्क्रू लाकडात धरत नसतील, दाबल्यावर भुसा सुटत असेल, तर वूफर आणि अ‍ॅम्प्लिफायर कितीही चांगले असले तरी त्या खोक्यात पैसे घालू नयेत. केवळ सांध्यातून हवा गळत असेल, तर आतून लाकडाचा गोंद भरून ती बंद होते.

सबवूफर कोणत्या जातीचा आहे

पाच लहान स्पीकर आणि एक सबवूफर अशा एकत्र संचात सर्व स्पीकरचे अ‍ॅम्प्लिफायर सबवूफरच्याच पोटात असतात, त्यामुळे तो बंद पडला की सगळा संच मुका होतो. अशा संचांत टीडीए २०३० किंवा एलए ४४४० यांसारख्या जुन्या, सर्वत्र मिळणाऱ्या आयसी असतील, तर दुरुस्ती थोडक्यात होते आणि ती जरूर करावी. पण माझ्या मोडीत काढलेल्या संचात आयसीबरोबर नियंत्रणाचा मायक्रोकंट्रोलरही गेला होता, पातळ पार्टिकल बोर्डचे खोके तळाशी फुगले होते आणि साडेपाच इंची वूफरची कड फाटली होती. तिन्ही वस्तू एकदम गेल्यावर वाचवायचे काही उरत नाही.

साउंडबारबरोबर येणारा बिनतारी सबवूफर हा याहून अडचणीचा प्रकार आहे. तो सहसा आपल्याच साउंडबारशी बोलतो. त्याचा बिनतारी भाग गेला आणि उत्पादकाने तो भाग देणे बंद केले असेल, तर सुटा नवा सबवूफर घेऊनही उपयोग होत नाही आणि सगळा संचच बदलण्याची वेळ येते. म्हणून या प्रकारात दुरुस्तीसाठी थोडा अधिक खर्चही मी समर्थनीय मानतो.

पैशांचा हिशेब

तुलना करताना आपण तेव्हा किती रुपयांना घेतला होता किंवा आज जुन्या बाजारात किती येतील, हे आकडे बाजूला ठेवावेत. आज तितकाच खाली जाणारा, तितक्याच आकाराचा नवा सबवूफर कितीला पडेल, हाच आकडा धरावा. पीएमपीओचे (क्षणिक कमाल शक्तीचे) हजारांतले आकडे या तुलनेत निरर्थक असतात; आरएमएस वॅट (सलग देता येणारी शक्ती), वूफरचा आकार, वजन आणि तो किती हर्ट्झपर्यंत खाली उतरतो, एवढे पाहावे. समजा, तसा नवा २०,००० रुपयांना मिळतो. वूफरच्या कडेसाठी किंवा कपॅसिटरसाठी ६,०००-७,००० रुपयांपर्यंत खर्च येत असेल, तर मी विचारही न करता दुरुस्ती करीन. खर्च १०,००० च्या जवळ जात असेल, तर उरलेल्या दोन्ही वस्तू निर्दोष असतील आणि कारागीर किमान तीन महिन्यांची हमी देत असेल तरच पुढे जाईन. त्यावर गेला, किंवा तोच दोष दुसऱ्यांदा आला, तर नवा घेईन. हे माझे मोजमाप आहे. ज्याच्याकडे आठ-दहा किलोच्या चुंबकाचा जुना भक्कम वूफर आहे, त्याने ही मर्यादा आणखी वर न्यावी, कारण तसा वूफर आजच्या त्याच किमतीच्या सबवूफरमध्ये मिळत नाही.

दुरुस्तीला देताना दोषाचे निदान आणि खर्चाचा अंदाज लिहून घ्यावा, बदललेले जुने भाग परत मागावेत आणि पाटी काढण्यापूर्वी तारांच्या जोडणीची छायाचित्रे काढून ठेवावीत. केवळ ‘बोर्ड बदलावा लागेल’ एवढेच उत्तर मिळाले, तर दुसऱ्या कारागिराला दाखवावे.

बोर्ड जळाला, पण वूफर आणि खोके उत्तम आहे, अशा वेळी आणखी एक मार्ग उरतो. पाटीच्या जागी लाकडी फळी हवाबंद बसवून, वूफरच्या दोन तारा बाहेर काढून तो स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायरवर चालवता येतो. मात्र मूळ अ‍ॅम्प्लिफायरमध्ये त्या वूफरसाठी खास वाढवलेला खर्ज आणि त्याला जपणारा फिल्टर असतो, तो या व्यवस्थेत नाहीसा होतो. भोकाच्या खोक्यात तर फार खालच्या स्वरांवर कोनाला हवेचा आधार मिळत नाही आणि तो बेफाम हलू लागतो. म्हणून सबसॉनिक फिल्टर (फार खालचे स्वर अडवणारा) असलेला अ‍ॅम्प्लिफायर निवडावा, वूफरच्या ओहमशी तो जुळतो का हे पाहावे आणि सुरुवात कमी आवाजात करावी.

दुरुस्त होऊन घरी आलेला सबवूफर लगेच मोठ्या आवाजात वाजवू नये. मोबाइलवरून २० ते १०० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढणारा स्वर मध्यम आवाजात वाजवून खरखर, फटफट किंवा हवेची शिट्टी येते का हे ऐकावे, तासाभराने पाटीला हात लावून ती सोसवेल इतकीच गरम आहे ना हे पाहावे, आणि पावसाळ्यात व रात्री भिंतीवरचे बटण बंद करण्याची सवय लावावी. त्याने विजेच्या लाटेपासून बचाव होतो आणि कपॅसिटर चोवीस तास तापत राहत नाहीत. बदलण्याचाच निर्णय झाला असेल, तर चांगला वूफर, ट्रान्सफॉर्मर आणि तारा काढून एखाद्या कारागिराला द्याव्यात, त्या कुणाच्या तरी दुरुस्तीला लागतात. उरलेला बोर्ड ओल्या कचऱ्यात किंवा भंगाराच्या गाडीवर न टाकता अधिकृत ई-कचरा संकलकाकडे सोपवावा.